शहाबानो व्हिएतनामला गेली आहे

नंदुरबार
२ डिसेंबर २०२४

बदाम,

‘प्रिय’ लिहीत नाही. दिवाळीला तू पाठवलेल्या डब्यात निम्मी शेव आणि निम्मी हवा होती.

हे पत्र फुलसिंगच्या जीपने पाठवतेय. फोन करण्यात अर्थ नाही. तू गल्ल्यावर बसतेस, शेजारी तुझा पोरगा अभिनंदन, आणि तू फोन कानाला न लावता तळहातावर ठेवून बोलतेस. मागच्या वेळी माझ्या मूळव्याधीची बातमी तुमच्या दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकली. एकीने तर औषध सांगितलं. आणि फोनवर टाइप करायला गेले की माझ्या जाड बोटाखाली तीन अक्षरं एकदम दबतात. आपल्याला शाळेत मराठीच्या बाईंनी पत्रलेखन शिकवलंय, ते वापरू.

तर ऐक. आपण दोघींनी परदेशात जायचं.

पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. काल एक नवरी मुलगी ब्लाऊजच्या मापाला आली होती. मी दंडाला टेप लावला तर ती विचारते, ‘मावशी, तुम्ही कुठे कुठे फिरलात?’ मी म्हटलं, सुरत आणि धुळे. सुरत दोन नणंदांमुळे, धुळे दोन ऑपरेशनांमुळे. ती हसली. मी पण हसले आणि तिचं माप चुकीचं लिहिलं.

देश मी ठरवलाय. तुझ्या गुडघ्यांना थंडी चालत नाही म्हणून गरम हवा. जुना हवा, नाहीतर तिथे जाऊन फक्त दुकानं बघत बसू. आणि स्वस्त हवा, कारण तू मारवाडी आहेस आणि मी गरीब आहे. व्हिएतनाम! तिथे होई आन नावाचं गाव आहे, नदीकाठी, जुनी पिवळी घरं, रस्ताभर कागदी कंदील, आणि गल्लोगल्ली शिंपी. सकाळी माप द्या, संध्याकाळी कोट घाला. मी चाळीस वर्षं शिवतेय, मला माझ्या धंद्याची एवढी माणसं एकत्र बघायची आहेत. जवळच हजार वर्षांपूर्वीची शंकराची देवळं आहेत. ती तुझीही नाहीत, माझीही नाहीत, म्हणजे भांडणाचा प्रश्न नाही.

विमानाची भीती वाटली तर माझा हात धर. मी आहे.

शहाबानो


अक्कलकुवा
९ डिसेंबर २०२४

चि. शहाबानो हिस अनेक आशीर्वाद (मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे, विसरू नकोस),

तुझं डोकं फिरलंय. फुलसिंगने पत्र अभिनंदनच्या समोर हातात दिलं. मी म्हटलं ब्लाऊजचं माप आहे. चार पानी माप असतं का, असं त्याने नजरेने विचारलं.

आता माझ्या अडचणी. मी कांदा-लसूण खात नाही, बटाटा खात नाही, सूर्य मावळल्यावर तर पाणीही पीत नाही. परदेशात कुठल्या देशाचा सूर्यास्त धरायचा? इथला धरला तर तिथे अंधारात जेवावं लागेल. तिथला धरला तर इथे सूर्य डोक्यावर असताना मी उपाशी. महाराजसाहेबांना विचारायची सोय नाही, कारण ते आधी विचारतील, ‘बाई, जायचं कशाला?’

फिरायचं म्हणशील तर मी तुझ्याहून जास्त फिरले आहे. पाच वर्षांपूर्वी समाजाच्या बसने मोठी यात्रा केली. पन्नास माणसं, सोबत स्वयंपाकी, आणि पुढे माईक घेतलेला एक काका. माझ्या वाट्याला पुढच्या सीटवरच्या बाईचा अंबाडा आला. तेवढाच बघून आले. अभिनंदनचे पप्पा असताना दर वर्षी म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी कुठेतरी जाऊ.’ त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

आणि अभिनंदनला काय सांगू? चांदनी सून म्हणून चांगली आहे, पण मी संडासला जास्त वेळ लावला तरी ती दार वाजवते.

नाही जमायचं. तू तो शिंप्यांच्या गावाचा व्हिडिओ मात्र पाठव. आवाज बंद करून बघते.

बदाम


नंदुरबार
२८ डिसेंबर २०२४

बदाम,

तू तो व्हिडिओ अकरा वेळा बघितलास हे मला चांदनीकडून कळलं. ती परवा इथल्या बाजारात मिरची घ्यायला आली, तेव्हा माझ्याकडे डोकावली होती. म्हणाली, ‘मौसी, मम्मी हल्ली फोनमध्ये कंदील बघत बसतात, काही त्रास तर नाही ना?’ मी म्हटलं, या वयात होतं.

आता कामाचं. पासपोर्टला लागणारे कागद काढून ठेव. माझा तर हातात आला. चौकशीला हवालदार आला होता, घरात शिरताच गल्लीतल्या मिरचीच्या खकाण्याने शिंकायला लागला. शिंकता शिंकता विचारतो, ‘आजी, कामाला चालल्या का तिकडे?’ मी म्हटलं, हो, तिकडे शिंप्यांचा तुटवडा आहे.

राहायला एका बाईच्या घरी खोली बघितली आहे, नदीपासून जवळ. बाई म्हातारी आहे, नात इंग्रजी बोलते, तू मारवाडी बोल, मी अहिराणी बोलेन, होईल काहीतरी. एकेकच बॅग. खाकरे तुझ्याकडे, लोणचं माझ्याकडे. मी ते आठ दिवस तुझ्यासारखं गवत खाईन, ही माझी कुर्बानी समज. सूर्यास्त जिथे असू तिथला धरायचा. देवाला घड्याळ कळत असणार.

विमानाचं मी सगळं बघून ठेवलंय. वर जाताना पोटात गोळा येतो, कान बंद होतात, मग उघडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पट्टा कसा लावायचा तेही मी शिकले, तुझा मी लावून देईन. तू फक्त माझ्या मागे मागे चाल.

निघायचं फेब्रुवारीत. मग माझा रमजान येतो आणि पाठोपाठ ईदची शिलाई.

सलीमला मी विचारलं नाही, नवरा असला तरी नुसतं सांगितलं; अभिनंदनला मात्र तूच विचार. त्याच्याच आईला बाहेर जायचंय, माझ्या नाही.

शहाबानो


अक्कलकुवा
१९ जानेवारी २०२५

शहाबानो,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. लग्नसराईत मान वर करायला वेळ नसेल, समजू शकते.

विचारलं. दुकान बंद करताना विचारलं, म्हणजे पळून जायला जागा राहिली नाही, त्यालाही आणि मलाही.

‘कुठे?’ तो म्हणाला.

‘व्हिएतनाम.’

‘ते कुठल्या जिल्ह्यात?’ त्याला वाटलं एखादं नवीन तीर्थ निघालंय. समजल्यावर खाली पोत्यावर बसला. ‘मम्मी, तू तर दोंडाईच्याला पण एकटी गेली नाहीस.’

‘एकटी कुठे? शहाबानो आहे.’

त्याने उठून कुलूप उचललं. मग म्हणाला, ‘मौसी असेल तर जा. मौसी विमानतळावरही भांडून जागा मिळवेल. पण मौसी असेल तरच. एकटीला मी नवापूरपर्यंत पण सोडणार नाही.’

तर बाई, तुझ्या नावावर मला परवानगी मिळाली आहे. माझा पासपोर्ट तातडीने, मग दोघींचे व्हिसा आणि तिकिटं, सगळं त्यानेच काढलं. अहमदाबादहून विमान आहे. अभिनंदन मालासाठी दोंडाईच्याला जाणार आहे, तो मला तिथेच गाडीत बसवेल; नंदुरबार स्टेशनवर तू मला गाडीत भेटायचं, सुरतेला उतरून आपण पुढची गाडी धरायची.

मला झोप येत नाही. भीतीने की आनंदाने ते कळत नाही. तू आहेस म्हणून निघते आहे. तू नसतीस तर मी तो व्हिडिओ बघतच मेले असते.

बदाम


नंदुरबार स्टेशन
९ फेब्रुवारी २०२५

बदाम,

फुलसिंगच्या हाती ही चिठ्ठी आणि डबा पाठवतेय. सकाळी सलीमच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेतोय. मला येता येणार नाही. तू पुढच्या स्टेशनला उतरून परत फिर. तिकिटांचं नुकसान मी भरून देईन. माफ कर. डब्यात मेथीचे ठेपले आहेत, लसूण नाही.

शहाबानो


होई आन
११ फेब्रुवारी २०२५

शहाबानो,

वरचं गावाचं नाव पुन्हा वाच. हो.

आधी सांग, सलीमभाई कसे आहेत? मी इथे एका देवळात त्यांच्यासाठी उदबत्ती लावली. देव कोणता ते कळलं नाही, पण म्हातारा होता, त्याला छातीचं दुखणं कळत असेल.

तुझी चिठ्ठी वाचून मी उतरणारच होते. नवापूर येईपर्यंत रडत बसले. समोर तुरीचं गाठोडं घेऊन एक बाई होती. तिने विचारलं, ‘कथा जाई ऱ्हायनी माय?’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘व्हिएतनामले.’

‘तठे कोन शे तुन्हं?’

‘कोनी नही.’

तिने विचार केला. ‘मंग बरं शे,’ म्हणाली. ‘कोनी जेवाले आग्रह करनार नही.’

आता सांग, एवढं मोठ्याने बोलून झाल्यावर नवापूरला कशी उतरणार? तिच्यासमोर? नवापूर गेलं. सुरतेला उतरले तर पाय आपोआप पुढच्या गाडीकडे वळले.

विमानतळावर मी चुकून एका रिकाम्या चाकाच्या खुर्चीत बसले, गुडघे दुखत होते म्हणून. लगेच एक पोरगा आला आणि मला ढकलत सगळ्या रांगांच्या पुढे घेऊन गेला. वरातीत नवरा जातो तशी मी गेले. उठून ‘मी चालू शकते’ म्हणायचं माझ्या मनात आलं होतं, पण रांग बघितली आणि लंगडले.

विमान वर जाताना मी शेजारच्या माणसाचा हात धरला. मोरबीचा टाइल्सवाला. हात सोडल्यावर त्याने मला त्याच्या घरच्या सगळ्यांचे फोटो दाखवले. धाकटीचं लग्न जमायचंय. मी तीन स्थळं सुचवली.

खोलीची मालकीण सत्तरची आहे. तिची नात लान तिला ‘बा’ म्हणते. मला वाटलं गुजराती निघाले. नाही, विचारलं मी. इथे आजीला ‘बा’च म्हणतात.

जेवणाचं ऐक. आल्या आल्या मला चहा हवा होता. रस्त्यावर एकीला म्हटलं, ‘चाय, चाय.’ तिने माझा हात धरून दोन गल्ल्या पलीकडे नेलं आणि एका टेबलाशी बसवलं. समोर भात, टोफू, भाज्या. इथे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी! आणि त्यांच्या देवाच्या शाकाहारात कांदा-लसूण पण नाही. लानने फोनवर हिंदीत भाषांतर करून दाखवलं. मी हजारो मैल आले आणि पहिल्याच जेवणात काय-काय घातलंय हे विचारावं लागलं नाही. मला वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, चहा मिळालाच नाही.

पत्र मी कागदावर लिहिते आणि लान त्याचा फोटो काढून पाठवते, तूही तसंच कर.

एक महत्त्वाचं. अभिनंदनला मी सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी तू इथे माझ्या शेजारी बसून घोरते आहेस. त्याला कळलं तर तो पुढच्या विमानाने येऊन मला उचलून नेईल, आणि पुन्हा कधी गावाबाहेर सोडणार नाही. तेव्हा नंदुरबारात कोणालाही दिसू नकोस. दवाखान्यातही तोंड झाकून जा.

बदाम


नंदुरबार
१२ फेब्रुवारी २०२५

बदाम,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. खुर्चीचं वाचून तर मी पलंगावरून पडायची बाकी होते.

सलीम घरी आहे. अशक्तपणा आहे. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय, बोलायचं पण कमी करायला सांगितलंय. तुझी उदबत्ती लागू पडली म्हणायची. काळजी करू नकोस, फिर.

मी व्हिएतनामला गेले आहे. दाराला आतून कडी, खिडकीला चादर. चार नवऱ्या मुलींचे ब्लाऊज अडकलेत. बायका येतात, सलीम दारातूनच सांगतो, ‘ती परदेशमां शे.’ एक बाई म्हणाली, ‘पण मशीनचा आवाज येतो.’ तर म्हणाला, ‘मी शिकी ऱ्हायनू.’ आता सगळ्या गल्लीत बातमी आहे की सलीम मिस्त्री रिक्षा दुरुस्ती सोडून ब्लाऊज शिवायला लागला. गिऱ्हाईक तुटतंय त्याचं. आणि आजारी माणसाने दारात उभं राहून एवढं बोलणं बरं नाही, हे मी त्याला सांगते.

अभिनंदनने फोटो मागितले तर सांग, शहाबानो फोटो काढतेय म्हणून ती त्यात नाही. मी नेहमीच फोटो काढते, त्याला खरं वाटेल.

शहाबानो


होई आन
१४ फेब्रुवारी २०२५

शहाबानो,

लानच्या फोनवरून मी काल सलीमभाईंना फोन लावला. तुला विचारलं नाही, कारण रुग्णाची विचारपूस रुग्णाकडेच करावी.

मी म्हटलं, ‘भाई, छाती कशी आहे?’

ते म्हणाले, ‘कोन्ही छाती?’

मागून कढईचा चुरचुर आवाज येत होता. ‘भाभी, मी ते चौकमां भजा खाई ऱ्हायनू. माले काय व्हयनं?’ मग त्यांच्या लक्षात आलं. चुरचुर लांब गेली, म्हणजे ते बाजूला सरकले. मग हळूच म्हणाले, ‘भाभी, ती घर शे. तिलेच विचारा.’

मी विचारते. काय झालं होतं? आणि आता आणखी एखादा आजार काढलास तर मी इथूनच तुझ्या नावाने उदबत्ती लावीन, दुसऱ्या प्रकारची.

मी तुझ्यासाठी इथे आले. गाव तू निवडलंस, खोली तू बघितलीस, माझी बॅग कशी भरायची तेही तू सांगितलंस. कंदील सोडलेल्या नदीवर परवा पौर्णिमा होती. वीज बंद करून सगळ्यांनी पाण्यात दिवे सोडले. लोक जोडीजोडीने होड्यांत बसलेले. मी एकटी बसले. होडीवालीने माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली, दुसरं कोण? मी एक बोट दाखवलं. तिने कीव केली आणि पैसे मात्र दोघींचे घेतले.

मला आवडलं नाही, असं मी लिहिणार नाही. खूप आवडलं. म्हणूनच राग येतोय.

बदाम


नंदुरबार
१५ फेब्रुवारी २०२५

बदाम,

सलीमला काहीही झालं नव्हतं. मलाच झालं होतं.

मी स्टेशनवर आले होते. बॅग घेऊन, नवीन चपला घालून. फुलसिंगच सोडायला होता. गाडी लागली. तू दिसलीस, मोरपंखी साडीत, खिडकीतून मान बाहेर काढून मला शोधत होतीस. मी पुलावर उभी होते. जिना उतरायचा, एवढंच काम. पण पाय हलेनात. म्हणजे खरोखर हलेनात, गुडघ्यापासून खाली कोणी दुसऱ्याचेच पाय लावल्यासारखे. फुलसिंग म्हणतो, ‘चाला ना मावशी, गाडी सुटी.’ मी तिथेच पुलावर बसून ती चिठ्ठी लिहिली. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला बॅग पण दिली असती, नेतोस तर ने म्हणून.

जानेवारीपासूनच झोप उडाली होती. तीन आठवडे पत्र लिहिलं नाही, ते लग्नसराईमुळे नाही. एका बाजूला विमानाचे व्हिडिओ बघायचे, दुसऱ्या बाजूला संडासला पळायचं. सगळ्यांना सांगून बसले होते. तुला धीर देत होते. तो सगळा धीर तुला देऊन माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, असं मी सलीमला सांगितलं. तो म्हणाला, ‘तुन्हाकडे व्हतं कधी? तोंड व्हतं.’

मला वाटलं होतं, तू नवापूरहून परत येशील. देवाशप्पथ वाटलं होतं. मग दोघी घरीच, बरोबरी. तू गेलीस. मी पुलावर आणि तू तिकडे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी हसले, रडले, आणि नंतर मला तुझा फार राग आला. हे पण लिहून टाकते, आता काय लपवायचं.

शहाबानो


होई आन
१६ फेब्रुवारी २०२५

शहाबानो,

राग आला हे लिहिलंस ते बरं केलंस. आता दोघींना आला.

काल तुझ्या शिंप्यांकडे गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. एकीने माझा ब्लाऊज बघितला, तू शिवलेला, बाही उलटी करून आतली शिवण बघितली आणि खुणेने विचारलं, आत इतक्या जास्तीच्या कापडाची माया का सोडली? मी दोन्ही हातांनी कंबर दाखवली, आमच्याकडे बायका फुगतात. ती इतकी हसली की बाकीच्या दोघी मशीन सोडून आल्या. सगळ्यांनी शिवण बघितली. एकीने अंगठा दाखवला. तुझ्याबद्दल सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, बरं झालं.

आता खरी बातमी. अभिनंदन अहमदाबादला घ्यायला येतोय. आम्हा दोघींना. सकाळीच फोन आला. नको नको म्हटलं, ऐकत नाही. विमान १८ तारखेला दुपारी उतरेल.

मी काहीच सांगत नाही. तुझे पाय, तुझी भीती, तुझं तू बघ.

बदाम


अक्कलकुवा
२४ फेब्रुवारी २०२५

शहाबानो,

मी बाहेर आले आणि तू कठड्याशी अभिनंदनच्या शेजारी बॅग घेऊन उभी होतीस, हे बघून माझी ट्रॉली दुसऱ्याच्या पायावर गेली. अभिनंदन म्हणाला, ‘मौसी आधीच बाहेर आल्या.’ तू म्हणालीस, ‘हिची बॅगच येईना.’ तुझं खोटं बोलणं बघून मला त्या क्षणी अभिमान वाटला.

पण घरी आल्यापासून तो गप्प आहे. काय बघितलं, काय खाल्लं, काही विचारत नाही. चांदनी विचारते, तेव्हा तो उठून आत जातो. जेवताना मान खाली. मी त्याच्यासाठी रेशमी कापडाचा शर्टपीस आणला. त्याने ‘छान आहे’ म्हणून कपाटात ठेवला. माझ्याकडे असं बघतो, जणू मी काहीतरी विसरले आहे आणि ते कधी आठवेल याची तो वाट बघतोय.

गाडीत तुम्ही दोघं पुढे बसला होता. तुला काही बोलला का?

बदाम


नंदुरबार
२७ फेब्रुवारी २०२५

बदाम,

तू बाहेर येण्याआधी काय झालं ते ऐक. सांगू नका म्हणाला होता. मी कधी कोणाचं ऐकलंय?

१७ तारखेला मी सलीमला म्हटलं, मला गाडीत बसव आणि गाडी सुटेपर्यंत दाराशी उभा राहा, म्हणजे मला उतरता येणार नाही. तो खरंच उभा राहिला, दारात हात आडवा लावून. लोकांना वाटलं बायको पळून चाललीय. सुरतेला मी एका हमालाला विचारलं, अहमदाबादची गाडी कुठली? त्याने मला तिच्यात बसवलं. सुरतेच्या नणंदेकडे रात्री राहिले, असं तुला सांगितलं होतं ते खोटं, अहमदाबादला स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहिले. एकटी. दाराला टेबल लावून.

विमानतळावर बाहेर बॅग घेऊन उभी राहिले. म्हटलं, तू आलीस की गर्दीत तुझ्या शेजारी घुसायचं. तर मागून आवाज.

‘मौसी, कोणत्या विमानाने आलात?’

मी वळले. अभिनंदन. हातात पाण्याच्या दोन बाटल्या.

‘हेच... आत्ताच...’ मी म्हटलं. ‘तुझी आई बॅग घेतेय.’

‘विमान अजून उतरलं नाही, मौसी.’

मग मी सगळं सांगून टाकलं. ओरडेल म्हणून मी बॅग आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. तो ओरडला नाही. कठड्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, ‘मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.’

‘कसं?’

‘तुम्ही काढलेल्या फोटोत तुमचा अंगठा येतो. माझ्या लग्नाचा अर्धा अल्बम तुमच्या अंगठ्याचा आहे. मम्मीने पाठवलेल्या एकाही फोटोत अंगठा नव्हता.’

मी विचारलं, ‘मग लगेच फोन करून ओरडला का नाहीस?’

‘केला होता. रिंग वाजायच्या आत बंद केला.’ बाटलीचं झाकण उघडत, लावत होता. ‘त्या फोटोत मम्मी हसत होती, मौसी. दात दाखवून. पप्पा असताना पण असा फोटो नाही आमच्याकडे. मला वाटलं, मी बोललो तर पुढच्या फोटोत तोंड बंद होईल.’

चांदनीलाही त्याने सांगितलं नाही. रोज रात्री फोनवर तिकडचं हवामान बघायचा म्हणे. मग म्हणाला, ‘तुम्ही विमानातूनच आलात असं मला वाटतंय, एवढंच मम्मीला दाखवा. तिने स्वतः सांगितलं पाहिजे. मी विचारल्यावर सांगितलं तर त्याला काय अर्थ? आमच्या घरात तिला खोटं बोलून बाहेर पडावं लागतं, असा मी आहे का?’

मी म्हटलं, आहेस. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं, मी सांगितलं. मग त्याने मला चहा पाजला.

तर पोरगा वाट बघतोय, बदाम. गल्ल्यावरच सांगून टाक.

शहाबानो


अक्कलकुवा
६ मार्च २०२५

शहाबानो,

सांगितलं.

बाजाराचा दिवस होता, दुकान डोंगरातल्या गिऱ्हाइकांनी भरलेलं. मुद्दाम तो दिवस निवडला, म्हणजे तो ओरडला तरी कमी ओरडेल. तो गूळ तोलत होता. मी म्हटलं, ‘अभिनंदन, शहाबानो आली नव्हती. मी एकटी गेले होते.’

तो तोलतच राहिला. म्हणाला, ‘माहीत आहे.’ (तुझं नाव मी घेतलं नाही.)

मग विचारलं, ‘भीती वाटली?’

‘विमानात वाटली. आत्ता तुला सांगताना वाटली.’

‘जास्त कुठे?’

मी खरं ते सांगितलं. ‘इथे.’

त्याने तराजू तसाच सोडला आणि आत गेला. गिऱ्हाईक गुळाकडे बघतंय, मी आतल्या दाराकडे. बऱ्याच वेळाने आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. गूळ बांधून दिला, पैसे घ्यायला विसरला. मी घेतले. मग गल्ल्यावरून मला जरा सरकायला सांगून शेजारी बसला आणि म्हणाला, ‘पहिल्यापासून सांग. खरं खरं. स्टेशनपासून.’ मी संध्याकाळपर्यंत सांगत होते. खुर्चीच्या ठिकाणी तो हसला, होडीच्या ठिकाणी नाही. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतः सांगतो की त्याची आई एकटी परदेशात गेली होती. गोष्टीत मोरबीचा माणूस आता हिऱ्यांचा व्यापारी झालाय.

आता तुझं. मी चौकशी केली. श्रीलंका गरम आहे, जुनी आहे आणि खिशाला परवडेल अशी आहे. आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून तिथे बोट जाते म्हणे. विमान नाही. किनाऱ्यापर्यंत रेल्वे. तुझा रमजान होऊ दे, ईदची शिलाई होऊ दे, मग जाऊ.

पाण्याची भीती वाटते का, ते आत्ताच लिही. वाटत असेल तरी चालेल. आपण किनाऱ्यावर जाऊ, बोट कशी आहे ते बघू, तुझे पाय हलले तर चढू. नाही हलले तर तिथेच इडली खाऊन दोघी परत येऊ, लोकांना काय सांगायचं ते गाडीत ठरवू. मला त्याचं काही वाटणार नाही.

फक्त या वेळी घाबरायचंच असेल तर माझ्या शेजारी उभी राहून घाबर.

बदाम